नकाशात हरवलेला ‘ळ’ : जालन्याच्या नदीखोऱ्यांची मोजणी आणि तिचा वारसा

१/
विसाव्या शतकाच्या मध्यावर जालना परिसरातील नदीखोरी कशी दिसत होती, हे घरबसल्या नकाशावर पाहायचे झाल्यास सर्वांत सोपी वाट आज अमेरिकेतून जाते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाची ‘यू ५०२’ ही मालिका महाजालावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिचे प्रमाण १ : २,५०,००० असे आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांची खोरी त्या पत्रकांवर आहेत, समोच्च रेषा आहेत, शेकडो गावांची नावेही आहेत. हे नकाशे मुख्यतः भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मोजणीवरून संकलित केलेले आहेत. मोजणी येथल्या माणसांनी पायी फिरून केली आणि तिचा सारांश आज परक्या ग्रंथालयाच्या सौजन्याने पाहावा लागतो. ही विसंगती किरकोळ नाही. त्या काळातील जुनी पत्रके हा मराठवाड्याच्या इतिहासाचा एक मोठा दस्तऐवज आहे, तो खुला व्हायला हवा आणि तो येथल्या माणसांच्या आठवणींशी पडताळून वाचला जायला हवा, असे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

२/
प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. तलाठ्याकडील गाव नकाशा जमिनीचे तुकडे दाखवतो : कोणता गट कोठे संपतो, बांध कोठून जातो, शिवेला कोण लागून आहे. स्थलनिर्देशक नकाशाचा हेतू वेगळा असतो. तो जमिनीचा उंचसखलपणा, पाण्याचे मार्ग, वस्त्या, विहिरी, देवळे, पायवाटा आणि गाडीवाटा दाखवतो. पहिला नकाशा महसुलासाठी जन्मला. दुसऱ्याच्या जन्मामागे सैन्याची आणि राज्यकारभाराची गरज होती. १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग हे दुसरे काम करीत आला आहे. त्यामुळे या पत्रकांत मालकी नाही, सारा नाही, पीकही नाही. तिथे आहे ती भूमी, एखाद्या वाटसरूला किंवा सेनापतीला दिसेल तशी.

३/
नकाशा नसताना काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण जालना जिल्ह्यातच घडले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांसमोर आर्थर वेलस्ली उभा होता. मध्ये नदी होती. या भागात नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसली. इतकी जवळ वसलेली दोन गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहणार नाहीत, म्हणजे येथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला आणि त्याचे सैन्य तेथून पार झाले. लढाईचा निकाल ठरवणारी ती माहिती कोणत्याही कागदावर नव्हती. ती वस्तीच्या रचनेत होती, आणि रोज नदी ओलांडणाऱ्या माणसांना ती ठाऊक होती.

४/
त्या नदीच्या नावाची कथा पुढील सर्व प्रतिपादनाचे बीज आहे. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात ती ‘कैटना’ आहे. नंतरच्या इंग्रजी पुस्तकांत ती ‘कैलना’ होते. स्थानिक लोक तिला खेळणा किंवा केळणा म्हणतात. समोरासमोरची दोन गावे इंग्रजी वृत्तांतांत ‘पीपलगाव’ आणि ‘वारूर’ अशी येतात. पैकी पहिल्यात दडलेले पिंपळगाव कोणत्याही मराठी वाचकाला तत्काळ ओळखू येईल. ज्या लढाईवर ब्रिटिश लष्करी इतिहासात एवढे लेखन झाले, त्या लढाईची नदीच पुस्तकांत चुकीच्या नावाने वाहते. कानाने ऐकलेले नाव परक्या लिपीत उतरले, एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेले आणि छापील असल्यामुळे प्रमाण मानले गेले. पुढे नकाशांच्या बाबतीतही हेच मोठ्या प्रमाणावर घडले.

५/
असईच्या एक वर्ष आधी, १० एप्रिल १८०२ रोजी, वेलस्लीच्याच ३३व्या पलटणीत काम केलेल्या विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला होता. त्यातून पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला, तेव्हा त्याची त्रिकोणांची साखळी दख्खन ओलांडत होती. या सर्वेक्षणाने उंच टेकड्यांवर अचूक स्थाने निश्चित केली. त्या बिंदूंवर बांधलेल्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी पुढे स्थानिक अधिकाऱ्यांवर आणि गावोगावच्या पाटलांवर सोपवण्यात आली. परंतु त्रिकोण म्हणजे केवळ सांगाडा. त्या सांगाड्यात गाव, ओढा, विहीर भरण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले.

६/
विसाव्या शतकात या कामाला आजची ओळखीची चौकट मिळाली. सारा प्रदेश चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशांच्या मोठ्या चौकोनांत विभागला गेला. त्यांना क्रमांक मिळाले. प्रत्येक चौकोनाचे एक-एक अंशाचे सोळा भाग झाले. त्यांना रोमन अक्षरे मिळाली. त्यांचेही पुन्हा सोळा भाग केले, तेव्हा पंधरा मिनिटांचे एक पत्रक तयार झाले. जालना शहर ‘४७ एम/१३’ या पत्रकावर येते, अंबड त्याच्या खालच्या ‘४७ एम/१४’ वर, तर परतूर ‘५६ ए/२’ वर. एका पत्रकात या अक्षांशावर सुमारे ७२० चौरस किलोमीटर भूमी मावते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. म्हणजे जेमतेम अकरा पत्रकांचे क्षेत्र. पण सीमा वाकड्यातिकड्या असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक पत्रके हाताशी घ्यावी लागतात.

७/
जालन्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. २० अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश जिल्ह्याच्या सीमेलगत, देऊळगाव राजाजवळ, एकमेकांना छेदतात. त्या छेदबिंदूवर ४६, ४७, ५५ आणि ५६ हे चार मोठे चौकोन भेटतात. परिणामी भोकरदन ‘४६ पी’ मध्ये, जालना व अंबड ‘४७ एम’ मध्ये, जाफराबाद ‘५५ डी’ मध्ये आणि परतूर ‘५६ ए’ मध्ये जाते. पूर्णेचा प्रवाह पाहण्यासाठी पत्रके जोडावी लागतात, दुधनेचेही तेच. पत्रकांची मोजणीची आणि छपाईची वर्षे एकच असतील, याची खात्री नसते. एकाच नदीचा वरचा भाग एका काळातला आणि खालचा दुसऱ्या काळातला असू शकतो. म्हणून जुने पत्रक उघडताच समासातील मोजणीचे वर्ष पाहणे, ही वाचकाची पहिली शिस्त होय.

८/
याच भागातून एक राजकीय रेषाही जात होती. देऊळगाव राजा वऱ्हाडात आणि जालना निजामाच्या राज्यात. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. नदी मात्र ही रेषा मानत नव्हती. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून भोकरदन-जाफराबादमार्गे वऱ्हाडात शिरते आणि पुन्हा मराठवाड्यात परतते. दोन राजवटींचे महसुली दप्तर वेगळे, भाषा वेगळी, गाव नकाशे वेगळे. स्थलनिर्देशक पत्रक तेवढे दोन्ही बाजू एकाच कागदावर, एकाच चिन्हपद्धतीने दाखवत होते. खोऱ्याला खोरे म्हणून पाहणारा बहुधा हाच एक सरकारी कागद होता.

९/
एक इंचाला एक मैल या प्रमाणाची ही पत्रके कशी तयार होत? हवाई छायाचित्रांचा वापर रुळण्यापूर्वी मुख्य साधन होते प्लेन टेबल : तिपाईवर बसवलेला सपाट लाकडी फळा आणि त्यावर ताणून बसवलेला कागद. त्रिकोणमितीय बिंदू त्यावर आधीच टिपलेले असत. मोजणीदार एखाद्या टेकाडावर फळा लावी, दूरच्या तीन ज्ञात शिखरांकडे पट्टीने नेम धरी आणि उलट रेषा ओढी. त्या रेषा जिथे छेदतील, तिथे तो स्वतः उभा असे. मग आसपासचे देऊळ, वळण, विहीर, ओढ्याचा संगम यांच्याकडे नेम धरून त्यांची स्थाने ठरत. उंचीचे कोन मोजले जात आणि समोच्च रेषा समोरची जमीन पाहत जागेवरच काढल्या जात. नकाशातील प्रत्येक वळणामागे कोणाची तरी तंगडतोड आहे.

१०/
हे काम एकट्या मोजणीदाराचे नव्हते. फळा, तिपाई आणि निशाणे वाहणारे, झाडावर चढून निशाण बांधणारे, झुडपे तोडून दृष्टीरेषा मोकळी करणारे खलाशी त्याच्यासोबत असत. गावात शिरल्यावर पाटील, कोतवाल, गुराखी आणि वाटेवरचे प्रवासी माहिती देत. पत्रकाच्या समासात महासर्वेक्षकाचे नाव छापले जाई. खलाशाचे नाव तेथे कधीच येत नसे आणि ओढ्याचे नाव सांगणाऱ्या बाईचे येण्याचा प्रश्नच नव्हता. वाटाड्यावाचून वेलस्लीला असई गाठता आली नसती; गावकऱ्यांवाचून पत्रकही पुरे झाले नसते. या नकाशाला केवळ सरकारचे कर्तृत्व मानणे म्हणजे त्याच्या अर्ध्या कर्त्यांना वगळणे होय.

११/
आता या पत्रकांच्या मर्यादा. मोजणीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होई आणि उन्हाळा कडक होईपर्यंत चाले. पावसाळ्यात चिखलात फळा लावता येत नसे. त्यामुळे पत्रकातील नदी ही कोरड्या ऋतूतील नदी आहे. दुधनेचे वाळूचे पात्र, त्यातील पाण्याची बारीक निळी धार, काठाची उंची दाखवणारा छोटा आकडा : हे सारे हिवाळ्या-उन्हाळ्यातले. आषाढात पाणी कोठवर चढते, गावाच्या कोणत्या ओट्याला लागते, हे पत्रक सांगत नाही. पूररेषा गावकऱ्यांच्या तोंडी असते किंवा देवळाच्या पायरीवरील खुणेत असते. केवळ नकाशा पाहून नदीकाठी बांधकामाचा निर्णय घेणारा मनुष्य वर्षातील निम्म्या नदीवरच विश्वास ठेवत असतो.

१२/
दुसरी मर्यादा समोच्च रेषांची. एक इंची पत्रकांवर दोन समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर असे. अजिंठ्याच्या डोंगरात या रेषा एकमेकींना खेटून येतात आणि कडा स्पष्ट दिसतो. पण गोदाकाठची जमीन मंद उताराची. जिथे ५०० मीटर चालल्यावर जमीन एक मीटर उतरते, तिथे लगतच्या दोन रेषांमध्ये साडेसात किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. पत्रकावर ते सुमारे १२ सेंटिमीटर भरते. तेवढ्या रिकाम्या जागेत दहा गावे, अनेक ओढे आणि शेकडो विहिरी असू शकतात. धरणाचे पाणी कोणत्या घरापर्यंत येईल, या प्रश्नाचे उत्तर अशा पत्रकावरून मिळत नाही. त्यासाठी मोठ्या प्रमाणाची स्वतंत्र मोजणी करावी लागते.

१३/
तिसरी मर्यादा नावांची. ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळची वाटावी. निजाम राज्यात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. लोक मराठी बोलत, सरकारी दप्तर उर्दू लिही आणि सर्वेक्षण विभागाचे पत्रक रोमन लिपीत छापले जाई. उर्दूत ट आणि ड यांना अक्षरे आहेत. पण ळ आणि ण यांना नाहीत. रोमन लिपीने तर त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ या साऱ्या जोड्या एकेका अक्षरात कोंबल्या. खेळणा नदी उर्दूत लिहिली की तिचे ‘खेलना’ होते आणि रोमनमध्येही तेच होते. मंठा तालुक्यातील तळणी रोमनमध्ये तलनी, टलणी, तालनी अशी कशीही वाचता येते.

१४/
यात नुसता उच्चार बिघडतो असे नाही. गावाच्या नावात त्याचा इतिहास साठवलेला असतो. पिंपळगावात झाड आहे, तळणीत तळ्याची आठवण असू शकते, ‘खेडा’, ‘वाडी’, ‘पूर’, ‘तांडा’ या शेवटांत वस्ती कोणी आणि कशी वसवली याच्या खुणा आहेत. ळ आणि ण पुसले गेले की शब्दाची व्युत्पत्ती लावणे कठीण होते आणि कल्पित दंतकथांना जागा मिळते. बंजारा समाजाच्या वस्त्यांवर तर अनेकदा नुसते ‘तांडा’ एवढेच लिहिलेले आढळते. ज्या नायकाच्या नावाने तो तांडा ओळखला जाई, ते नाव कागदावर आलेच नाही. नकाशात न आलेले नाव पुढे अर्जातही येत नाही, आणि मग ते गावालाही विसरायला होते.

१५/
अशा अपुऱ्या कागदाला एवढे महत्त्व का द्यावे? त्याच्या काळामुळे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला; त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातच भारताने दशमान पद्धत स्वीकारली. एक इंची पत्रकांची जागा १ : ५०,००० या प्रमाणाने घेतली, फुटांच्या जागी मीटर आले. अवघ्या बारा वर्षांत राज्य, भाषा आणि मापे बदलली. भूमीत मात्र तोवर फारसा बदल झाला नव्हता. तो त्यानंतर झाला.

१६/
जायकवाडीचे नावच त्या संक्रमणाची साक्ष आहे. गोदावरीवरील हे धरण हैदराबाद राज्याच्या काळात बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ योजले होते. राज्यपुनर्रचनेनंतर योजनेचा फेरविचार झाला आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला पैठण येथे गेली. गाव मागे राहिले, नाव पुढे गेले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. डावा कालवा जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातून पुढे परभणीकडे गेला. दुधनेवर वरच्या बाजूस बदनापूर तालुक्यात सोमठाण्याजवळ ऊर्ध्व दुधना प्रकल्प आला. निम्न दुधना धरणाची भिंत सेलू तालुक्यात आहे; पण त्याचा फुगवटा परतूर तालुक्यापर्यंत येतो.

१७/
त्यात १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर हजारो हातांनी पाझर तलाव, बंडिंग आणि रस्ते यांची कामे केली. त्यानंतर विजेचे पंप आले, विंधन विहिरी आल्या. खोऱ्यातील पाण्याचा हिशेबच बदलला. म्हणजे शतकाच्या मध्यावरची पत्रके ही धरणे, कालवे, पाझर तलाव आणि बोअर यांच्या आधीच्या खोऱ्याचे शेवटचे तपशीलवार चित्र आहेत. कोणता ओढा स्वाभाविक आणि कोणता खोदलेला, कोणते तळे जुने आणि कोणते दुष्काळातले, कोणते गाव मूळ जागी आणि कोणते पुनर्वसित, हे ठरवण्यासाठी आधार हवा असेल तर तो याच कागदांत मिळतो. आज जालन्यात पाण्यासाठी ओढे रुंद केले जातात, नाले सरळ केले जातात. पाण्याची जुनी वाट ठाऊक नसताना केलेले असे काम डोळे झाकून केल्यासारखेच आहे.

१८/
पत्रकावर आणखी काय सापडते? विहिरी, बांधीव आणि कच्च्या, वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवलेल्या. बैलगाडीच्या वाटा आणि पायवाटा. त्या नदीला जिथे छेदतात तिथे बहुधा उतार. काही गावांपाशी आठवडी बाजाराचा वार. ओसाड गावाच्या जागा, ज्यांना महसुली भाषेत बेचिराख म्हणतात. गढ्या, थडगी, देवळे, एकटा उभा असलेला मोठा वृक्ष. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तर हा खजिना आहे. खेळणेच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या उत्खननाने तेथील सातवाहनकालीन वैभव उजेडात आणले. पांढरीचे टेकाड, नदीचा उतार आणि जुनी वाट ही तीन चिन्हे जिथे एकत्र येतात, तिथे अभ्यासकाने थांबून पाहावे.

१९/
जे सापडत नाही तेही लक्षात ठेवावे. पत्रकावर गाव हा लाल ठिपक्यांचा एक पुंजका असतो. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे तो सांगत नाही. कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरता येत होते, हे चिन्ह दाखवत नाही. वहिवाटीची पाणंद आणि कोणाच्या मेहेरबानीवर चालणारी पायवाट कागदावर सारखीच दिसते. नकाशा खोटे बोलतो असे नव्हे. त्याला जे विचारले गेले तेवढेच तो सांगतो. सैन्याने विचारले होते, ‘येथून तोफ जाईल का?’ धरणाच्या अभियंत्याने विचारले, ‘पाणी कोठवर येईल?’ तेथे राहणाऱ्यांना काय सांगायचे आहे, हे विचारण्याची पाळी अजून यायची आहे.

२०/
उपग्रहांच्या युगात जुन्या पत्रकांची गरज उरली नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सुटला. म्हणजे त्याची साक्ष दुष्काळाच्या वर्षापासून सुरू होते. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली. त्यांत शेते, पात्रे आणि वस्त्या थक्क करणाऱ्या स्पष्टतेने दिसतात. ती जरूर वापरावीत. परंतु छायाचित्राला नावे नसतात. ते ओढा दाखवते, ओढ्याचे नाव सांगत नाही. बिघडलेल्या रूपात का होईना, हजारो नावे भूमीवरील आपापल्या जागी टाचून ठेवण्याचे काम पत्रकाने केले आहे. म्हणून दोन्ही साक्षी एकत्र वाचाव्या लागतात.

२१/
दुसरीकडचे उदाहरण येथे बोलके ठरते. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगराळ भागात १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले. १९३६ मध्ये नॉरिस धरण पूर्ण झाले. अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या खोऱ्याची सविस्तर मोजणी प्राधिकरण आणि अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी केली. भारताने १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन केले, ते याच नमुन्यावर. धरणाचा नमुना भारताने उचलला. कागद खुला ठेवण्याचा मात्र नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आपली पावणेदोन लाखांहून अधिक जुनी पत्रके विनामूल्य उपलब्ध केली आहेत. बुडालेल्या गावातील कुटुंबाचा नातू आज आजोबांच्या घराचा ठिपका, शाळा आणि स्मशान त्यावर शोधू शकतो. त्याने घर परत मिळत नाही. पण ते घर होते, हे कोणाला सिद्ध करीत बसावे लागत नाही.

२२/
भारतातही दार किलकिले झाले आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि जनतेसाठीची अशी पत्रकांची दोन वेगळी रूपे केली. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक सूचनांनी भूस्थानिक माहितीवरील पूर्वपरवानगीची अनेक बंधने उठवली. सध्याची १ : ५०,००० प्रमाणाची पत्रके सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून मिळू शकतात. पण इतिहासाची गरज सध्याच्या आवृत्तीने भागत नाही. तिला जुनी, बाद झालेली, दुरुस्तीपूर्व आवृत्ती हवी असते. व्यवहारात जी आवृत्ती निरुपयोगी, तीच इतिहासात मोलाची. सीमावर्ती आणि किनारी भागांबाबत सुरक्षेचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु सत्तर वर्षांपूर्वीच्या दुधनेकाठच्या विहिरी लपवून कोणत्या शत्रूला चकवायचे आहे?

२३/
म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली : भारतीय सर्वेक्षण विभागाने अंतर्गत जिल्ह्यांच्या साऱ्या जुन्या आवृत्त्या, मोजणीच्या वर्षासह, संकेतस्थळावर विनामूल्य ठेवाव्यात. दुसरी : प्रत्येक पत्रकातील गावे, ओढे, टेकड्या आणि शिवारे यांची नावे देवनागरीत, ळ आणि ण यांच्यासह, स्थानिक उच्चाराप्रमाणे नोंदवली जावीत. हे काम महाविद्यालयांतील इतिहास आणि भूगोल विभागांना सहज करता येईल. एका महाविद्यालयाने एक पत्रक घेतले, तरी जिल्हा पुरा होतो. तिसरी : धरणे आणि तलाव यांखाली गेलेल्या वस्त्यांतील वृद्धांसमोर ही पत्रके पसरली जावीत आणि ते जे सांगतील ते नकाशासोबतच जपले जावे. यांपैकी तिसऱ्या कामाला मुदत आहे. १९६५ साली वीस वर्षांचा असलेला मनुष्य आज ऐंशी ओलांडून गेला आहे.

२४/
सरकारने दार उघडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. खुली असलेली १ : २,५०,००० ची पत्रके आणि आजची १ : ५०,००० ची पत्रके शेजारी ठेवून कोणत्याही तरुण अभ्यासकाला आपल्या तालुक्यापासून प्रारंभ करता येईल. नदी निवडावी. तिच्या काठची प्रत्येक वस्ती दोन्ही नकाशांवर शोधावी. जिथे दोन गावे समोरासमोर दिसतील, तिथे जाऊन जुन्या माणसांना उतार कोठे होता ते विचारावे. डोहांची, ओढ्यांची आणि माळांची नावे देवनागरीत लिहून घ्यावीत. १८०३ मध्ये एका परक्या सेनापतीने दोन गावांच्या जागा पाहून नदीतली वाट ओळखली, ती त्या गावांना जिंकण्यासाठी. तेच वाचन आता त्या गावांना त्यांची नावे परत देण्यासाठी करता येईल. पूर्णा, दुधना, कुंडलिका, खेळणा, जुई, गिरजा : या नद्यांपैकी ज्या नदीच्या काठी आपले गाव आहे, तिच्यापासून सुरुवात व्हावी.